‘रनिंग फक्त चार हजार’ ही भलामण नव्हे

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या परदेशी स्पोर्ट्‌स कारच्या बाजारावर आलेला लेख वाचला. एखाद्या बड्या नव्या एसयूव्हीच्या पैशांत वीस वर्षांपूर्वीची पोर्शे किंवा फेरारी दारात येऊ शकते, हे त्यातले गणित बरोबर आहे. आक्षेप आहे तो पुढच्या सल्ल्याला : घेताना कमीत कमी रनिंग झालेली गाडी निवडावी. स्विफ्ट किंवा इनोव्हा घेताना हे ठीक. इथे मात्र ‘२००३चे मॉडेल, रनिंग फक्त ४,०००, बंगल्यात झाकून ठेवलेली’ ही जाहिरात वाचली की आनंदाऐवजी संशय यायला हवा. या गाड्या पळून जेवढ्या झिजतात, त्याहून जास्त उभ्या राहून खराब होतात. आणि पुण्यात तर वर्षातले चार महिने पावसाचे.

आधी पैशांचे. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. दोन कोटींची गाडी साठ लाखांना मिळाली तरी तिचा क्लच दोन कोटींच्या गाडीचाच असतो, आणि तो परदेशातून आयात शुल्क भरूनच येतो. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला, ही म्हण या बाजारात शब्दशः खरी ठरते. घेतल्या किमतीच्या निदान पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी काढता येत नसेल, तर गाडी परवडत नाही असे खुशाल समजावे.

आता उभे राहून काय बिघडते ते. फेरारीच्या ३४८, एफ३५५ आणि ३६० या आठ सिलिंडरच्या गाड्यांत व्हॉल्व्ह चालवणारा टायमिंग बेल्ट रबराचा आहे. गाडी चालो न चालो, रबर कडक होत जाते. म्हणून हा बेल्ट किलोमीटर न पाहता दर तीन वर्षांनी बदलायचा, हा सर्वमान्य नियम. बेल्ट तुटला किंवा दोन-चार दात सरकला, की उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. एफ३५५ मध्ये (१९९४ ते १९९९) या कामासाठी अख्खे इंजिन खाली उतरवावे लागते. ३६० मध्ये सीटच्या मागचे झाकण काढून हात पोहोचतो, त्यामुळे मजुरी बरीच वाचते. २००४ मध्ये आलेल्या एफ४३० पासून चेन आहे, तिथे हा प्रश्नच नाही. विकणारा ‘मेजर सर्व्हिस झालीय’ म्हणाला, तर बिल मागावे आणि त्यात ‘टायमिंग बेल्ट २ नग, टेन्शनर बेअरिंग (बेल्टला ताण देणारे) २ नग’ अशी ओळ तारखेसकट आहे का ते पाहावे. बेल्ट नवा आणि बेअरिंग जुने, ही काटकसर बेल्टलाच खाते. कॅमशाफ्टची ऑइल सील त्याच वेळी बदलून घ्यावीत. तेवढ्यासाठी पुन्हा सगळे उघडणे कोणालाच परवडत नाही.

पोर्शे ९११ ची तऱ्हा वेगळी. १९९८ ते २००८ या काळातल्या साध्या ९११ मध्ये (कंपनीच्या क्रमांकाने ९९६ आणि पहिल्या टप्प्यातली ९९७) आणि त्याच काळातल्या बॉक्स्टरमध्ये इंजिनाच्या आतल्या मधल्या शाफ्टला एक बंद बॉल बेअरिंग आहे. त्याच्या सीलमधून आतले ग्रीस हळूहळू धुऊन जाते, बाहेरचे तेल पुरेसे आत पोहोचत नाही, आणि न तापलेल्या तेलातला ओलावा गोळ्यांवर खड्डे पाडतो. बेअरिंग गेले की इंजिन गेले. म्हणजे थोडी थोडी, थंडच चालवलेली गाडी इथे अधिक धोक्याची. २००६ च्या सुमाराला बेअरिंग मोठे केले, ते क्वचित जाते. पण इंजिनचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय ते बाहेरच येत नाही. ९११ च्याच टर्बो आणि जीटी३ या प्रकारांचे इंजिन निराळे, त्यांना हे दुखणे नाही. २००९ च्या मॉडेलपासून हा शाफ्टच नाही.

घेण्यापूर्वी एक तपासणी अगदी स्वस्त आहे. ऑइल बदलायला लावून जुना फिल्टर कापायचा, त्याचा घड्यांचा कागद उलगडून उन्हात धरायचा. काळपट चिकटा असणारच. पण वाळूच्या कणांसारखी चमक दिसली, तर लोहचुंबक फिरवावे. कण चुंबकाला चिकटले तर ते पोलादाचे, म्हणजे बहुधा बेअरिंगचे. तिथेच व्यवहार थांबवावा.

रनिंगचा खरेखोटेपणा पोर्शेत आणखी एका आकड्यावरून कळतो. इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये इंजिन किती तास चालले याची नोंद असते. किलोमीटरला तासांनी भागावे. शहरात वापरलेल्या गाडीचा हा भागाकार वीस-तीस येतो. मीटरवर ४,००० आणि तास ५०० असतील तर सरासरी ताशी आठ किलोमीटर निघते. अशा वेळी दोनच शक्यता : मीटर मागे घेतलेला आहे, किंवा गाडी वर्षानुवर्षे जागेवरच सुरू करून ठेवली गेली आहे. दुसरी शक्यता पहिलीपेक्षा फार बरी नाही.

कारण ‘ड्रायव्हर रोज सकाळी पाच मिनिटे सुरू करतो’ ही आपल्याकडची लाडकी पद्धत गाडीचे सर्वाधिक नुकसान करते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच पाणी तयार होते. गरम इंजिनातून ते वाफ होऊन निघून जाते. थंड इंजिनात ते सायलेन्सरमध्ये साचते आणि तेलात उतरते. शिवाय थंड इंजिनाला पेट्रोल जास्त जाते, ते प्लग काळे करते आणि सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन टाकते. पाण्याच्या तापमानाचा काटा आठ-दहा मिनिटांत मध्यावर येतो, पण तेल तापायला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. आणि या इंजिनांत तेल आठ-दहा लिटर असते. तेव्हा सुरू करायची तर पंधरा दिवसांतून एकदा, आणि निदान चाळीस मिनिटे रस्त्यावर न्यायची. रविवारी पहाटे सहाला चांदणी चौकातून बायपासने तळेगावपर्यंत जाऊन परत यावे. तेल तापेपर्यंत तीन हजार आरपीएमच्या पुढे जाऊ नये. त्या फेरीत एसी चालू ठेवावा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळते. ऑइल मात्र वर्षाला बदलायचेच, रनिंग पाचशे असो की पाच हजार.

ड्राय संप असलेल्या (तेल इंजिनाच्या तळाशी नव्हे, वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या) बहुतेक इंजिनांत तेलाची पातळी इंजिन गरम आणि चालू असताना पाहायची असते. थंड, बंद इंजिनाची काडी पाहून ‘कमी आहे’ म्हणून वर दोन लिटर ओतणारे फिटर पुण्यात आहेत. जास्तीचे तेल हवेच्या नळीतून इनटेकमध्ये येते आणि मागून निळा धूर निघतो. मग पिस्टन रिंग गेल्याचे निदान होते.

बॅटरीचे गणित साधे आहे. अलार्म, इमोबिलायझर आणि ट्रॅकर मिळून ४० मिलिअँपिअर ओढत असतील, तर दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-तास जातो. ७० अँपिअर-तासांची बॅटरी सव्वा महिन्यात निम्मी होते. निम्म्यावर सेल्फ कसाबसा फिरतो, पण व्होल्टेज पडल्याने कॉम्प्युटर भलभलते दिवे लावतात आणि नसलेल्या दुरुस्त्या सुरू होतात. उपाय म्हणजे पार्किंगमध्ये कायम लावून ठेवायचा बॅटरी मेंटेनर, म्हणजे बॅटरी भरली की आपोआप आवरता घेणारा चार्जर. साधा चार्जर चालत नाही. (त्या एका प्लगपॉइंटसाठी सोसायटीच्या सभेत जो वाद होतो, त्यावर स्वतंत्र पत्र लिहिता येईल.) बॅटरी पुढच्या डिकीत असलेल्या बहुतेक ९९६ आणि ९९७ पोर्शेत बॅटरी पूर्ण उतरली तर डिकीच उघडत नाही. पुढच्या सीटच्या पायाजवळच्या फ्यूज बॉक्समध्ये ओढून बाहेर येणारे लाल टर्मिनल आहे. त्याला दुसऱ्या बॅटरीचा प्लस आणि दाराच्या कुलपाच्या लोखंडी खुंटीला मायनस लावला की रिमोटने डिकी उघडते. हे माहीत नसल्याने पहारीने बॉनेट उचकटल्याची उदाहरणे आहेत.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे कोरडे ऑइल किमान २३० अंशांना उकळते; ओलावलेल्या ऑइलची मर्यादा १५५ अंश. ताम्हिणी उतरताना तापलेल्या कॅलिपरमध्ये हे आकडे पुस्तकातले राहत नाहीत, पेडल थेट जमिनीला लागते. दर दोन वर्षांनी, आणि पुण्यातल्या दमटपणात शक्यतो दरवर्षी, पूर्ण ऑइल बदलावे. पावसाळ्यात गाडी हँडब्रेक लावून उभी करू नये. पॅड डिस्कला गंजाने चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावावा. कार्बन-सिरॅमिक डिस्क गंजत नाहीत, पण चाक काढताना रिमचा धक्का लागला की कडेचा टवका उडतो. म्हणून आधी दोन बोल्ट काढून त्या जागी लांब मार्गदर्शक पिना पिळायच्या आणि चाक त्यांवरून सरळ बाहेर ओढायचे. या डिस्कची झीज जाडीवरून कळत नाही, वजनावरून कळते. किमान वजन डिस्कच्या मधल्या भागावर कोरलेले असते. विकणारा ‘डिस्क नव्यासारख्या आहेत’ म्हणत असेल, तर त्या काट्यावर ठेवायला सांगावे.

टायरचेही तसेच. नक्षी पूर्ण आहे म्हणून टायर चांगला, हा समज सोडावा. बाजूच्या भिंतीवर ‘डॉट’ खुणेच्या शेवटी चार आकडे असतात. २३१५ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचे टायर, नक्षी कितीही असो, ओल्या रस्त्यावर धरत नाहीत. महिनाभर गाडी हलणार नसेल तर हवा पाच-सहा पीएसआय जास्त भरावी, नाहीतर टायर खालून चपटा होऊन स्टिअरिंग थरथरते. निघताना ती पुन्हा कमी करायला विसरू नये. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे दोन गोष्टी कटाक्षाने टाळायच्या : गाडीच्या तळाला मधेच जॅक लावणे आणि हवेच्या गनने बोल्ट आवळणे. फेरारी ३६० चे बोल्ट १०० न्यूटन-मीटरने, ९९७ पर्यंतच्या पोर्शेचे १३० ने, आणि मध्यभागी एकच मोठी नट असलेल्या नव्या पोर्शेची ती नट ६०० ने आवळायची असते. त्यासाठी मीटरभर लांबीचा टॉर्क रेंच लागतो आणि ब्रेक दाबून धरायला दुसरा माणूस.

चालवून झिजणारी गोष्ट म्हणजे क्लच, आणि तोही गाडी वेगात पळवल्याने झिजत नाही. फेरारी ३६० आणि एफ४३० चा ‘एफ१’ गिअरबॉक्स किंवा लॅम्बोर्गिनी गॅलार्दोचा ‘ई-गिअर’ ऑटोमॅटिक नव्हे. पायाखाली पेडल नसले तरी आत नेहमीचाच क्लच आहे, तो हायड्रॉलिक पंपाने दाबला जातो. विद्यापीठ चौकातल्या रांगेत वीतभर-वीतभर पुढे सरकताना प्रत्येक वेळी तो घसरत सुटतो. पुढे गाडीभर जागा होऊ द्यावी, मग एकदाच निघावे; थांबल्यावर दोन्ही पॅडल एकत्र ओढून न्यूट्रल करावे. सर्वांत वाईट म्हणजे बेसमेंटच्या चढावर रिव्हर्स. इंचाइंचाने मागे चढवताना क्लच सुटूही शकत नाही आणि पूर्ण जुळूही शकत नाही, जळका वास येतो तो त्याचा. उतरतानाच गाडी अशी लावावी की बाहेर पडताना तोंड चढाकडे असेल. क्लच किती झिजला हे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर टक्क्यांत दिसते. पण नवा क्लच बसवल्याचे स्कॅनरला खोटेच सांगून तो आकडा शून्यावर आणता येतो, म्हणून टक्केवारीसोबत क्लच प्लेटचे बिलही पाहावे.

दार उघडताच मागून काही सेकंद घरघर येते, तो या पंपाचा आवाज. ते चांगले लक्षण. चालू गाडीत दर दोन-तीन गिअरनंतर पंप फिरला तर ठीक, प्रत्येक गिअरला फिरू लागला तर दाब साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर गेला. तो वेळेत बदलला नाही तर पंप जळतो. पंपाचा रिले (त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) अडकूनही हेच होते. रिले शे-दोनशेची वस्तू आहे, पंपाचे तसे नाही. २००८ च्या कॅलिफोर्निया आणि २००९ च्या ४५८ पासून फेरारीने, २०१४ च्या हुराकानपासून लॅम्बोर्गिनीने दोन क्लचचा गिअरबॉक्स आणला, त्यात ही झीज जवळपास संपली.

पेट्रोलबद्दल लेखात काहीच नव्हते. साधे पेट्रोल वर्षानुवर्षे ९१ ऑक्टेनचे होते, या इंजिनांना किमान ९५ लागते. इंडियन ऑइलचे १०० ऑक्टेन पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये आले तेव्हा पहिल्या शहरांत पुणे होते, त्यामुळे इथे निमित्त सांगायला जागा नाही. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवू नये. इथेनॉल पाणी ओढते, ठरावीक मर्यादेनंतर ते पाण्यासह तळाला बसते, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. जुन्या गाडीच्या रबरी पेट्रोल नळ्या दाबून पाहाव्यात. बोटाला चिकट लागल्या तर त्या बदलायच्या.

महापालिकेशी संबंधित एक मुद्दा. ‘गाडीच इतकी खाली, तर स्पीडब्रेकरला दोष कशाला’ असे म्हटले जाते. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या मानकानुसार (आयआरसी ९९) स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा गोलसर हवा. या गाड्यांच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर सुमारे २.६ मीटर. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेल्या स्पीडब्रेकरच्या मध्यावर गाडी आली की चारही चाके त्यावरच असतात, आणि पोटाखाली उंचवटा उरतो फक्त पाच सेंटिमीटर. ११ सेंटिमीटर क्लिअरन्सची गाडी त्यावरून आरामात जाते. घासते ती वर्गणी काढून रातोरात घातलेल्या, हातभर रुंदीच्या वरवंट्यावर. तिथे रुग्णवाहिकेतल्या पेशंटची पाठही तेवढीच आदळते. हे वरवंटे हटेपर्यंत, गाडीचे नाक उचलणारी यंत्रणा असेल तर वापरावी. नसेल तर रस्ता मोकळा पाहून तिरके जावे, एका वेळी एक चाक. फेरारी ३६० आणि एफ४३० च्या सस्पेन्शनचे बॉल जॉइंट या रस्त्यांवर लवकर ढिले होतात. चाक अधांतरी उचलून वर-खाली धरून हलवले की खडखड लगेच हाताला कळते.

आतल्या भागात या काळातल्या फेरारीची काळी बटणे उष्णतेने चिकट होतात, बोटाला डांबर लागल्यासारखी. तो मऊ रंगाचा थर असतो. बटण काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो पुसून टाकता येतो, मात्र बेताने, नाहीतर खुणाही जातात. एप्रिल-मेच्या उन्हात डॅशबोर्डचे चामडे आक्रसून एअरबॅगच्या कडेने उचलते. पावसाळ्यात सीटबेल्टवर बुरशी येते. उंदरांचे वेगळे सांगायला नको. इंजिनवरच्या आवरणात घर आणि वायरिंगमध्ये जेवण.

कागदपत्रांचे थोडक्यात. आयात गाडीचे ‘बिल ऑफ एंट्री’ (कस्टम्सकडचा आयातीचा कागद) पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. पुद्दुचेरी पासिंगची गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार इथे पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि कर महाराष्ट्राचा. त्याची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून वीस लाखांवरून तीस लाख झाली आहे. स्वस्तात मिळालेल्या गाडीचा स्वस्तपणा कधीकधी एवढाच असतो. विम्यात प्लॅस्टिक-रबरी भागांवर ५० टक्के घसारा कापतात. कार्बन फायबर कशात धरणार हे कंपनीकडून लेखी घ्यावे. इंजिनात पाणी शिरल्याचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरले, तेव्हा पार्किंगचे काय होते ते सगळ्यांनी पाहिले.

शेवटी लेखासोबतच्या छायाचित्राविषयी. गाडी बंगल्याच्या पोर्चमध्ये निळ्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली आहे आणि खालची फरशी ओली दिसते. फरशीची वाफ ताडपत्रीखाली अडकते, रात्री पत्र्यावर थेंब होऊन बसते आणि महिन्याभरात रंगाखाली फोड येतात. शिवाय वाऱ्याने हलणारी कड रंगावर ओरखडे काढते. हवा खेळू देणारे कापडी कव्हर हवे, किंवा मग काहीच नको. गाडीचा मालक आपल्या प्रतिनिधीच्या परिचयाचा असेल, तर निदान तेवढी ताडपत्री काढायला त्यांना आजच कळवावे.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे